माणसे घटली, मग ओझे का वाढले?

मालवण तालुक्यातील आचरे गावात दर तीन-चार वर्षांनी एक विलक्षण प्रथा पाळली जाते. ग्रामदैवत श्री देव रामेश्वराचा कौल मिळाला की सारा गाव घरांना कुलपे लावून, गुरेढोरे बरोबर घेऊन वेशीबाहेर पडतो. तीन दिवस आणि तीन रात्री गावात चूल पेटत नाही, दिवा लागत नाही. गरीब-श्रीमंत, मानकरी-मजूर असा भेद न राहता सारे वेशीबाहेरच्या माळावर, नदीकाठी झोपड्या उभारून राहतात आणि पुन्हा कौल झाल्यावरच परततात. या प्रथेला 'गावपळण' म्हणतात. शेजारच्या चिंदर आणि वायंगणी या गावांतही ती आहे. तिच्यामागचा हेतू कोणी श्रद्धेच्या भाषेत सांगतो, कोणी भूमीला विसावा देण्याच्या भाषेत. त्या वादात न शिरताही एक गोष्ट निर्विवाद आहे. हजारो माणसांचा समुदाय एका निर्णयाने उठतो, तीन दिवस आपल्या गरजा आटोपशीर करतो आणि ठरल्याप्रमाणे परत येतो. हे कोणत्याही सरकारी परिपत्रकाने घडलेले नाही.

परंतु याच सिंधुदुर्गात आणखी एक गावपळण चालू आहे. तिला कौल लागत नाही आणि तिच्यातून परतणेही होत नाही. २००१ च्या जनगणनेत या जिल्ह्याची लोकसंख्या ८ लाख ६८ हजार ८२५ होती. २०११ मध्ये ती ८ लाख ४९ हजार ६५१ झाली. म्हणजे दहा वर्षांत १९ हजारांहून अधिक माणसे कमी झाली. शेजारच्या रत्नागिरीची घट याहून मोठी आहे. त्याच दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या जवळजवळ १६ टक्क्यांनी आणि तत्कालीन ठाणे जिल्ह्याची ३६ टक्क्यांनी वाढली. कोकणची माणसे कोठे गेली, हे सांगायला तज्ज्ञाची गरज नाही. ती लालबाग-परळला गेली आणि गिरण्या बंद पडल्यावर तेथून दिवा, डोंबिवली, विरारला सरकली. मागे राहिलेल्या जिल्ह्यात हजार पुरुषांमागे १०३६ स्त्रिया होत्या. हा आकडा इतरत्र अभिमानाचा ठरला असता. येथे त्यातला बराच भाग कमावता पुरुष गावी नसल्याचे सांगतो.

जगाच्या भवितव्याची चर्चा निघाली की लोकसंख्येचा मुद्दा सर्वांत आधी पुढे येतो. १५ नोव्हेंबर २०२२ रोजी जगाची लोकसंख्या ८०० कोटींवर गेल्याचे संयुक्त राष्ट्रसंघाने जाहीर केले आणि पुढच्याच वर्षी भारताने चीनला मागे टाकले. तेव्हापासून 'माणसे कमी झाली तर पृथ्वी वाचेल' हे सूत्र पुन्हा ऐकू येत आहे. त्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. प्रत्येक तोंडाला अन्न लागते आणि प्रत्येक घराला पाणी. लोकसंख्येचे नियोजन हा राष्ट्रीय धोरणाचा विषय आहे आणि असलाच पाहिजे. पण हे सूत्र पुरेसे असते, तर सिंधुदुर्गात निसर्गाला उसंत मिळायला हवी होती. येथे माणसे घटली. मग समुद्रात मासे वाढायला हवे होते, डोंगर अधिक हिरवे व्हायला हवे होते. घडले मात्र उलटे. म्हणूनच हा छोटा जिल्हा साऱ्या देशाने अभ्यासावा असा आहे.

आधी समुद्राकडे पाहू. मालवण, वेंगुर्ले, देवगडच्या किनाऱ्यावर पिढ्यानपिढ्या 'रापण' ही मासेमारीची पद्धत चालत आली. होडीतून अर्धवर्तुळाकार जाळे टाकायचे आणि त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून माणसांनी ओढायची. एकट्यादुकट्याचे हे काम नव्हे. त्यासाठी संघ लागतो, शिस्त लागते आणि मिळालेल्या मासळीचे वाटे ठरलेले असतात. होडीवाल्याचा वाटा असतो, जाळ्याचा असतो आणि दोर ओढायला हात लावणाऱ्याच्या पदरातही चार बांगडे पडतात. रापणीला मर्यादा होती, कारण ती किनाऱ्याजवळ आलेल्या मासळीपुरतीच पोहोचत असे. ही मर्यादाच समुद्राचे संरक्षण करीत होती. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो आणि तोच बहुतेक मासळीच्या विणीचा काळ. नारळी पौर्णिमेला सागराची पूजा झाल्यावर होड्या पाण्यात लोटायच्या, हा दंडक गाबीत समाजाने पाळला तो धर्म म्हणून. आज पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारीला कायद्याने बंदी आहे. परंपरेने जे सांगितले, तेच शासनाला पुढे कायद्यात लिहावे लागले.

पण या मर्यादा मोडणारी साधने पुढे आली. ट्रॉलर आले, मग पर्ससीन आले. पर्ससीनचे जाळे माशांच्या थव्याला चहूबाजूंनी वेढते आणि बटव्याची नाडी ओढावी तसे खालून आवळले जाते. त्यात थवाच्या थवा सापडतो. उद्याचे बीज ठरणारी पिलेही सुटत नाहीत. त्याच्या जोडीला रात्री प्रखर एलईडी दिवे लावून मासळी ओढून घेण्याचा प्रकार सुरू झाला. तक्रारी वाढल्यावर राज्य शासनाने डॉ. सोमवंशी समिती नेमली आणि तिच्या अहवालाच्या आधारे ५ फेब्रुवारी २०१६ रोजी पर्ससीनवर निर्बंध घालणारा आदेश काढला. परवान्यांची संख्या टप्प्याटप्प्याने कमी करणे आणि वर्षातील ठरावीक महिन्यांतच या मासेमारीला मुभा देणे, असे त्याचे स्वरूप होते. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने एलईडी मासेमारीवर बंदी घातली. २०२१ मध्ये राज्याच्या सागरी मासेमारी नियमन कायद्यात दुरुस्ती होऊन दंड वाढला. कागदावर पाहिले तर काहीच उणे नाही.

समुद्रात मात्र चित्र वेगळे आहे. २०१९ साली महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर २ लाख १ हजार टन मासळी उतरल्याचे केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने नोंदविले. ४५ वर्षांतला तो नीचांक होता. त्या वर्षीच्या वादळांनी मासेमारीचे दिवस बुडाले हे खरे, आणि एका वर्षाच्या आकड्यावरून सर्वनाशाची भविष्यवाणी करणेही योग्य नाही. पण ज्या समुद्राची पुंजी भक्कम आहे, तो एका वादळी वर्षाने इतका रिता दिसत नाही. परराज्यांतील वेगवान ट्रॉलर रात्री किनाऱ्यालगत येतात, पारंपरिक मच्छीमारांची जाळी तोडून जातात आणि पहाटे हाती फक्त तुटलेले दोर लागतात, ही मालवणच्या दर्यावरची नेहमीची कहाणी आहे.

तेव्हा प्रश्न असा, की ही मासळी खाल्ली कोणी? घटलेल्या लोकसंख्येच्या सिंधुदुर्गाने नव्हे. ती बर्फात बसून दूरच्या शहरांत गेली, निर्यात झाली, आणि लहान मासळी दळून तिचे पशुखाद्य झाले. निसर्गावरचे ओझे स्थानिक डोक्यांच्या संख्येवर ठरत नाही. ते मागणी कोठून येते आणि ती रोखण्याचा अधिकार कोणाला आहे, यावर ठरते. जिथे माणसे उरत नाहीत, तिथे अडविणाराही उरत नाही.

सह्याद्रीकडे वळले तरी हेच दिसते. दोडामार्ग आणि सावंतवाडी तालुक्यांत डोंगराच्या पोटात लोहखनिज आहे आणि डोंगरावर हत्ती-वाघांचा वावर असलेले रान. कळणे येथील खाणीने काय दिले, ते जुलै २०२१ मध्ये दिसले. खाणीत साठलेल्या पाण्याचा बांध फुटला आणि मातीचा लोंढा खालच्या घरांत व बागायतीत शिरला. याच पट्ट्यातील सुमारे पंचवीस गावांनी, गाडगीळ समिती पश्चिम घाटाचा अभ्यास करीत असताना, ग्रामसभांत ठराव करून 'आमचा गाव संवेदनशील क्षेत्रात घ्या' अशी मागणी केली होती. पर्यावरणाचे निर्बंध म्हणजे विकासाला खीळ, असा समज ज्या देशात रुजला आहे, त्या देशात खेड्यांनी आपण होऊन निर्बंध मागितले! समितीचा अहवाल २०११ मध्ये आला. त्यानंतर दुसरी समिती आली, अधिसूचनांचे मसुदे मागून मसुदे निघाले. अखेर २२ मार्च २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाला सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातील गावांना संवेदनशील घोषित करण्याचा आदेश द्यावा लागला. ग्रामसभेने जे मागितले, ते मिळविण्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागते, तेव्हा मधल्या तेरा वर्षांत राजकीय नेतृत्व काय करीत होते, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. या काळात सत्तेवर वेगवेगळे पक्ष येऊन गेले. त्यामुळे उत्तरही सर्वांनीच द्यायचे आहे.

याचा अर्थ सर्व दोष नेत्यांचा आणि समाज तेवढा निर्दोष, असा नाही. १९६८ मध्ये गॅरेट हार्डिन या अमेरिकी अभ्यासकाने असे मांडले, की सामाईक कुरण असले की प्रत्येक जण आपली गुरे वाढवीत जातो आणि शेवटी कुरणच संपते. त्यावर उपाय दोनच मानले गेले : सरकारी हुकूम किंवा खासगी मालकी. एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीने तुर्कस्तानातील अलान्याच्या मच्छीमारांपासून स्वित्झर्लंडच्या पर्वतीय कुरणांपर्यंतची उदाहरणे तपासून दाखवून दिले, की तिसरा मार्गही आहे. एकमेकांना ओळखणारा, नियम स्वतः करणारा आणि ते मोडणाऱ्याला जाब विचारणारा समाज सामाईक संपत्ती शतकानुशतके जपू शकतो. त्यासाठी २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. आपल्या रापण संघांना आणि गावऱ्हाटीला हे शास्त्र व्यवहारातून ठाऊक होते. पण ऑस्ट्रॉम यांच्या सिद्धान्तात एक अट आहे : तो समाज जागेवर असला पाहिजे.

आज कोकणात तोच जागेवर नाही. आंब्याच्या बागा राखायला नेपाळहून माणसे येतात, नौकांवर खलाशी बाहेरून येतात. ती कष्टाळू माणसे आहेत. त्यांचा येथे दोष नाही. पण ओढ्याला पूर्वी पाणी किती असे, कोणत्या टेकडीवर झरा आहे, कोणत्या महिन्यात कोणती मासळी धरायची नाही, ही स्मृती त्यांच्याकडे कोठून असणार? ती ज्यांच्याकडे होती, त्यांची मुले गणपतीला चार दिवस येतात आणि शिमग्याला पालखी नाचवून परत जातात. मग एक दिवस कातळावरची वडिलोपार्जित जमीन दलालामार्फत विकली जाते. घेणाऱ्याने तेथे चिरेखाण काढली की हॉटेल बांधले, हे विकणाऱ्याला वर्षभराने कळते. समुद्रातही पर्ससीनचे मालक सगळेच परके नाहीत. यांत्रिकीकरणाला शासनानेच उत्तेजन दिले, कर्जे दिली आणि त्या कर्जाच्या हप्त्यापायी आपलाच बांधव आपल्याच समुद्राचा वैरी झाला.

देवराईबाबत तर आपल्याला स्वतःचेच कान उपटावे लागतील. ज्या रानात पूर्वजांनी वाळलेली फांदीही देवाची मानली, ते रान या जिल्ह्यात आजवर टिकले ते वनखात्यामुळे नव्हे, तर श्रद्धेमुळे. दोडामार्ग तालुक्यातील बांबर्डे येथील दुर्मीळ रानजायफळांची दलदल गावाने देवराई म्हणून राखली होती; २०२१ मध्ये शासनाने तिला जैवविविधता वारसास्थळ घोषित केले. आंबोलीच्या हिरण्यकेशी मंदिराच्या कुंडात माशाची एक नवी प्रजाती सापडली आणि ते स्थळही त्याच वर्षी वारसास्थळ झाले. देवाच्या नावाने राखलेल्या जागेत विज्ञानाला ठेवा सापडला, याचा आनंद आहेच. परंतु त्याच कोकणात जीर्णोद्धाराच्या नावाखाली देवराईतील जुनी झाडे तोडून, कौलारू देवळाच्या जागी सिमेंटचा कळस आणि पुढे फरशीचे पटांगण करण्याची स्पर्धा लागली आहे. ज्यासाठी देवाने ती जागा धरून ठेवली, तेच आपण भक्तीच्या भरात तोडीत असू, तर दोष बाहेरच्याला कसा द्यायचा?

मग उपाय काय? समाज, राजकीय नेतृत्व आणि लोकसंख्या हे तीन वेगळे प्रश्न नाहीत. त्यांची गाठ एकच आहे. समाज टिकला तर नियम टिकतात, नेतृत्वाने नियमाला बळ दिले तर समाज टिकतो, आणि रोजगार असला तर माणसे टिकतात. या तिन्हींचा मेळ बसला तेथे काय घडते, याची उदाहरणेही याच भूमीत आहेत. २०१६ च्या ग्रामीण स्वच्छता सर्वेक्षणात सपाट प्रदेशातील जिल्ह्यांत सिंधुदुर्ग देशात पहिला आला. वेंगुर्ला नगरपरिषदेने घरोघरी कचऱ्याचे वर्गीकरण रुजवून कचराभूमीचे रूपांतर लोक पाहायला येतील अशा जागेत केले. त्याच गावच्या मांडवी खाडीत बचत गटाच्या महिलांनी होडीतून कांदळवनाची सफर सुरू केली. कांदळवन उभे राहिले तरच त्यांची चूल पेटते, म्हणून त्याला त्यांच्याहून दक्ष राखणदार मिळणार नाही. डिसेंबर २०१८ मध्ये राज्य शासनाने ठरविले, की जाळ्यात अडकलेले कासव, डॉल्फिन किंवा देवमासा सोडण्यासाठी मच्छीमाराने जाळे कापले, तर त्याला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळेल. गरिबाच्या पुण्याचा भार त्याच्या एकट्याच्या खांद्यावर न टाकणारा हा निर्णय आहे. शासन शहाणे असले की असे वागते.

याच्या नेमके उलटे उदाहरणही मालवणातच आहे. १३ एप्रिल १९८७ रोजी सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचे सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाले. तेथील प्रवाळ आणि सागरी जीवन अमोल आहे, हे कोणीही नाकारत नाही. पण ज्यांचे पोट त्या पाण्यावर अवलंबून होते, त्या मच्छीमारांना विश्वासात घेतले गेले नाही. परिणाम असा, की ट्रॉलरविरुद्ध समुद्र वाचविण्यासाठी लढणारा मच्छीमारच अभयारण्याच्या विरोधात उभा राहिला. चाळीस वर्षे होत आली तरी ही दरी पुरती बुजलेली नाही. मित्राला शत्रू कसे करावे, याचा हा नमुना आहे.

आमच्या अपेक्षा मोजक्या आहेत. जानेवारी २०२५ पासून राज्याने किनाऱ्यावर ड्रोनने टेहळणी सुरू केली, हे स्वागतार्ह आहे. पण ड्रोन केवळ पाहू शकतो, पकडू शकत नाही. त्यासाठी सक्षम गस्तीनौका, पुरेसे कर्मचारी आणि पकडलेली नौका सोडविण्यासाठी कोणाचाही दूरध्वनी न घेणारा अधिकारी लागतो. तो दूरध्वनी करणार नाही, अशी शपथ प्रत्येक पक्षाच्या लोकप्रतिनिधीने रामेश्वरासमोर घ्यावी. डोंगरातील वा किनाऱ्यावरील मोठा प्रकल्प आखण्यापूर्वी ग्रामसभेला विचारावे, आणि तिचे उत्तर गैरसोयीचे असले तरी मानावे. मच्छीमाराच्या सहभागाशिवाय सागरी संरक्षणाचा आराखडा करू नये. अभयारण्याच्या राखणदारीचे काम आणि त्याचे मानधन रापण संघांना द्यावे.

आणि शेवटची अपेक्षा आपल्याच माणसांकडून, विशेषतः मुंबई-ठाण्यातील चाकरमान्यांकडून. पुढच्या जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ ही ठरली आहे. तेव्हा सिंधुदुर्गाचा आकडा आणखी खाली गेला, तर कोणी ते लोकसंख्या-नियोजनाचे यश समजू नये. गावची जमीन विकण्यापूर्वी एकदा गावाला विचारावे. मुलाबाळांना गणपतीच्या चार दिवसांपलीकडे गावात राहू द्यावे. निवृत्तीनंतर परत येणाऱ्यांनी ग्रामसभेत बसावे, देवळाच्या कळसाइतकीच देवराईची वर्गणी काढावी.

२५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर शिवछत्रपतींनी सिंधुदुर्गाची पायाभरणी केली. चहूबाजूंनी खारे पाणी, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन गोड्या विहिरी. हे पाणी नसते तर तेथे राहणे अशक्य झाले असते. पुढे रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात लिहून ठेवले, की आरमारासाठी लाकूड हवे म्हणून रयतेची आंबा-फणसाची झाडे तोडू नयेत. ती झाडे लेकरांसारखी वाढविलेली असतात, आणि जीर्ण झाड घ्यायचे झाले तरी धन्याला राजी करून, मोबदला देऊन घ्यावे. शत्रू दारात असताना, नौका बांधणे ही राज्याची निकड असतानाही राज्यकर्त्याने स्वतःच्या हाताला घातलेला हा बांध आहे.

आचऱ्याचा गाव तीन दिवसांनी परत येतो, कारण परत यायला त्याच्याकडे गाव असतो. तो तसाच राहावा, ही जबाबदारी रयतेची आहे आणि राज्यकर्त्यांचीही.